न मारलेली उडी

शेवटचे दोन लॅप उरले होते. मी दुसरा होतो आणि पहिल्याचं मागचं चाक मला दिसत होतं. तेवढ्यात टेबलटॉपच्या चढाशी उभ्या असलेल्या मार्शलनं पिवळा झेंडा हलवायला सुरुवात केली. मी थ्रॉटल सोडला.

टेबलटॉप म्हणजे मातीचा मोठा ढिगारा. एका बाजूनं चढ, वर सपाट, पलीकडं उतार. जोरात आलं की गाडी चढावरून सुटते, सपाट भाग हवेतच ओलांडते आणि थेट पलीकडच्या उतारावर टेकते. लोक मोटोक्रॉस बघायला येतात ते यासाठीच. पण पिवळा झेंडा हलला म्हणजे पुढं कुणीतरी पडलंय. मग उडी मारायची नाही, कुणाला ओव्हरटेक करायचं नाही. चाकं जमिनीवर ठेवून ढिगारा पार करायचा. याला आम्ही रोल करणं म्हणतो.

मी रोल केला. वर पोचलो तर उतारावर नाशिकचा सागर आडवा पडलेला. तो एक लॅप मागं होता. गाडी त्याच्या पायावर होती आणि तो ती ढकलायला बघत होता. मी त्याच्या डावीकडून गाडी काढतोय, तोवर डोक्यावरून इंजिनाचा आवाज गेला. माझाच टीममेट विकी. तो उडी मारून आला, सागरच्या थोडंसंच पुढं टेकला आणि मला मागं टाकून निघून गेला.

पब्लिकनं मैदान डोक्यावर घेतलं. विकीसाठी आरोळ्या, माझ्यासाठी शिट्ट्या. थ्रॉटल बंद असला की हेल्मेटमध्येही सगळं ऐकू येतं.

"डरला रे डरला!"

"अय, सायकल द्या रे त्याला!"

हे परक्या गावात झालं असतं तर मी विसरलो असतो. हे आपल्याच लोकांनी केलं होतं.

मी मूळचा चंद्रपूरकडचा. दहावीआधीच शाळा सुटली. ओळखीच्या एकामागं वाळूजच्या कारखान्यांच्या भागात आलो, बजाजनगरात खोली घेतली. गॅरेजात आधी गाड्या धुतल्या, मग खोलल्या, मग चालवल्या. या शहरानं मला कधी तू कुठला म्हणून विचारलं नाही. रेस असली की खोलीच्या आसपासची माणसं नाईट शिफ्ट करून, झोप बाजूला ठेवून, हलगी घेऊन मैदानावर हजर. आणि शहागंजातले रफिकभाई. त्यांचं स्पेअर पार्ट्सचं दुकान. माझ्या पहिल्या रेसचे बूट त्यांनी दिले, आपल्या भाच्याचे आहेत म्हणून. त्यांना भाचाच नाही, हे मला नंतर कळलं. काउंटरच्या वर त्यांनी माझा हवेतला फोटो लावलेला. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला ते सांगायचे, "ये अपना बच्चा है."

तर या लोकांना मागच्या सीझनचं आठवत होतं. याच मैदानावर, याच टेबलटॉपवर माझी उडी आखूड पडली होती आणि कॉलरबोन मोडलं होतं. बरा होऊन मी आलो होतो, पण पोरगा आता घाबरणार की नाय, हे बघायला सगळे बसलेले. मी रोल केला आणि त्यांना उत्तर मिळालं.

दुसरी गोष्ट लोकांना माहीत नव्हती. सकाळीच आमचे टीम मॅनेजर देशमुख सर म्हणाले होते, "पुढच्या सीझनला तुमच्या क्लासमध्ये एकच सीट आहे. तू किंवा विकी." सीट म्हणजे टीमची गाडी, टायर, पेट्रोल, मेकॅनिक. सीट नसेल तर रायडर गॅरेजात परत. मला गाडीशिवाय दुसरं काही येत नाही. झेंडा दिसला तेव्हा हेच डोक्यात होतं. उडी मारावी असं क्षणभर वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. पण हातानं थ्रॉटल आधीच सोडला होता.

फिनिश झाली. विकी दुसरा, मी तिसरा. मी पॅडॉकमध्ये आलो. पॅडॉक म्हणजे गाड्या आणि मेकॅनिकांचा तळ. हेल्मेट काढतोय तर रफिकभाई समोर.

"क्या मियाँ, कायकू रुके?"

"भाई, पिवळा झेंडा होता. सागर पडला होता."

"कुठं पडला होता? मी तिथंच बसलो होतो ना! मला तर कुणीच दिसलं नाय."

"पलीकडच्या बाजूला होता."

"विकी को झंडा नहीं दिखा?"

मी हातमोजे काढायला लागलो. टीममेटची चुगली करायची नाही, एवढं गॅरेजातच शिकलोय. रफिकभाई खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "डर लगता होगा तो बोल देना बेटा. उसमें शरम नहीं." आणि गेले. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

देशमुख सर मात्र सरळ ऑफिशियल्सच्या तंबूकडं गेले. रेस संपली की निकाल लगेच पक्का होत नाही. तक्रारी, मार्शलचं म्हणणं, सगळं ऐकून मग बोर्डावर कागद लागतो. तो लागला तेव्हा विकी पेनल्टी खाऊन पाचवा झाला होता आणि मी दुसरा. सागरचा पाय मुरगळलेला, बाकी ठीक होता. लंगडत आला आणि माझ्या हातात थंड पाण्याची बाटली देऊन गेला. पब्लिक केव्हाच घरी गेलं होतं. बोर्डासमोर आम्ही टीमवाले आणि रसवंतीवाला, एवढेच.

पब्लिकसोबत कुणीतरी मोबाईलवर काढलेला व्हिडिओही गेला होता. मी हळूच ढिगाऱ्यावर चढतोय आणि वरून विकी उडत जातोय. रात्री आईचा गावाहून फोन आला. "सारे म्हणते तू लय हळू गेला. बरं केला बाप्पा. असाच जात जा." माझ्या हळू जाण्यावर खूश झालेली ती एकटीच.

दुसऱ्या दिवशी क्लच केबल आणायला शहागंजात गेलो. काउंटरच्या वर माझ्या फोटोच्या जागी नुसता खिळा. रफिकभाई केबल शोधायच्या नावानं खाली वाकून बसले ते उठेचनात. मला त्यांचा राग आला नाही. लाज त्यांनाच वाटत होती. मी म्हणालो, "भाई, गाडी काढा. मैदानावर जाऊन येऊ."

"अभी? धंद्याच्या टायमाला?"

"आत्ताच. उद्या जेसीबी ढिगारा मोडणार आहे."

रेसच्या आधी प्रत्येक रायडर ट्रॅक पायी फिरतो. कुठं माती मऊ, कुठं खडा, हे पायाला कळतं. याला ट्रॅक वॉक म्हणतात. रफिकभाईंनी माझ्या इतक्या रेस बघितल्या, पण ट्रॅकवर पाय कधी ठेवला नव्हता. आधी मी त्यांना त्यांच्याच जागी नेलं. लिंबाच्या झाडाखालची सावलीची कड. सगळं पब्लिक तिथंच बसतं, ऊन पाठीशी राहतं म्हणून. तिथून टेबलटॉपचा चढ अगदी समोर दिसतो. पलीकडचा उतार अजिबात दिसत नाही.

मग त्यांना चढाच्या पायथ्याशी उभं केलं. "इथून झेंडा दिसतो. आता समोर बघा. काय दिसतं?"

"मिट्टी."

"अजून?"

"आसमान."

वर चढताना त्यांना धाप लागली. सपाट भाग ओलांडून ते कडेला आले. खाली उतारावर सागरची गाडी घसरल्याची खोल रेघ तशीच होती. तिच्या जरा पुढं विकीचं चाक टेकल्याचा खड्डा. रफिकभाई उकिडवे बसले. त्या दोन खुणांच्या मध्ये त्यांनी हाताची वीत टाकून बघितली. एक, दोन, मग पुढं मोजलंच नाही.

"या अल्लाह," म्हणाले. "आणि आम्ही शिट्ट्या मारत होतो."

परत येताना त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि एका शब्दानं माफी मागितली नाही. मलाही ती नको होती.

त्याच आठवड्यात देशमुख सरांनी बोलावलं.

"विकी तुझ्यापेक्षा फास्ट आहे. माहितीय ना?"

"हो सर."

"पुढंही असेल. तुला मेहनत करावी लागेल."

"हो सर."

"पण उतारावर त्या दिवशी आपल्याच टीमचा रायडर पडलेला असता तर? सीट तुझी. आता रडू नको, सही कर."

मी रडत नव्हतो. नाक गळत होतं. विकीला पुढं दुसरी टीम मिळाली, याचं मला बरंच वाटलं.

सही करून सरळ शहागंजात गेलो. माझा फोटो पुन्हा खिळ्यावर होता. शेजारी नवा खिळा, त्यावर विकीचा फोटो. तोच, त्या उडीचा.

"हे काय भाई?"

"गलत किया उसने. लेकिन छलांग तो जबरदस्त मारी ना! झूठ कैसे बोलूं?"

पुढच्या रेसला रफिकभाईंनी लिंबाची सावली सोडली आणि हलगीसकट सगळ्यांना भर उन्हात उताराच्या बाजूला नेऊन बसवलं. मार्शलनं कुठलाही झेंडा उचलला की ते माझ्या नावानं ओरडत होते, "हळू रे, हळू!" त्यातला एक झेंडा निळा होता, म्हणजे मागच्याला वाट द्या. एक तर शेवटचा लॅप सांगणारा पांढरा होता, तेव्हा हळू जाऊन चालतच नाही.

आता कुठल्याही गावी गेलो की ट्रॅक वॉक झाल्यावर मी थोडा वेळ पब्लिकच्या जागेवर जाऊन बसतो. तिथून काय दिसत नाही ते बघून ठेवतो. शिट्ट्या थांबत नाहीत. पण त्या कुठून येणार आहेत, ते आधी कळतं.