मावा खाणारे

आमच्या गेटजवळच्या लिंबावर मावा पडला होता. कोवळ्या शेंड्यांवर हिरव्या किड्यांची दाटी, पानं मुरडलेली, आणि खाली वॉचमनमामांच्या खुर्चीभोवती सगळी चिकचिक. औषध मारणाऱ्याला बोलवायचं चाललं होतं. पण तळमजल्यावरच्या माझ्या खिडकीतून मला दिसत होतं की ढालकिडे आलेत. ते ठिपक्यांचे लाल भुंगे सगळ्यांना आवडतात. त्यांच्या अळ्या मात्र काळ्या, काटेरी, बघताच चप्पल उचलावी अशा. माव्यावर त्याच जास्त तुटून पडतात, आणि औषधाने त्याही मेल्या असत्या.

म्हणून मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. ग्रुप हिंदीत चालतो, आणि माझं हिंदी म्हणजे मराठीलाच ‘है’ लावलेलं. ‘निंबू पे मावा है, नीचे सब चिकचिक हो गया. किसी को मत बुलाना, खानेवाले उधरच बैठे हैं.’

मावा म्हणजे कीड, हे आमच्या बिल्डिंगीत कितीजणांना ठाऊक? बाकीच्यांचा मावा टपरीवर मिळतो, सुपारी-तंबाखू चोळलेला. आणि लिंबाखाली बसून तो खाणारे एकच, मामा.

सेक्रेटरींनी मामांना गेटवरच झापलं. “इधर मावा नहीं चलेगा. फिर शिकायत आई तो छुट्टी!” खुर्ची मीटर रूममध्ये गेली. मामा उन्हात उभे.

मी खिडकीतून सगळं ऐकलं. ‘मावा मतलब कीड़ा’ एवढंच लिहायचं होतं, टाइपही केलं. पण मागे मी ‘पानी मत सांडो’ लिहिलं होतं, तेव्हा आठवडाभर ग्रुपवर सांडांचे फोटो येत होते. ओळ पुसून टाकली. मामा खातातच की मावा, अशी स्वतःची समजूत घातली. लाज वाटत होती, पण हसं होण्याची भीती तिच्याहून मोठी निघाली.

काही दिवसांत अळ्यांनी शेंडे साफ केले. झाडाकडे बघायला खाली उतरले, तर मामा अजून उभेच. पाय सुजलेले. मला राहवलं नाही.

“मामा, त्या दिवशी मी झाडावरच्या माव्याचं लिहिलं होतं हो.”

“म्हाईत हाय ताई. आमच्या गावाला वालावर पन पडतो की.”

“मग सेक्रेटरींना सांगितलं का नाही?”

“सांगनार होतो. मग म्हटलं, तुमाला परत हसतील सगले.”

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. नोकरी त्यांची जात होती, आणि सांभाळत ते मला होते. मी मीटर रूममधून खुर्ची ओढत आणली आणि लिंबाखाली ठेवली.

“बसा मामा.”

“नको ताई, सेक्रेटरी बघतील.”

खरंच होतं त्यांचं. ग्रुपवर मी अजून काहीच लिहिलं नव्हतं.