गुलाबी गोळ्यांचा सेमिनार

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला माणूस, आणि बंदुकीच्या गोळ्यांसाठी कॉलेजच्या गेटवर अडवलेला पहिला माणूस म्हणजे माझे बाबा. दोन्हीला मीच जबाबदार आहे.

झालं असं, की एनसीसीच्या कॅम्पमध्ये रायफलची नळी पुसताना मी आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादांना विचारलं, "सर, गोळीला तांब्याचा पत्रा कायले लावतात?"

"नुसतं शिसं नरम असतं. नळीला घासतं, चिकटतं. म्हणून वरून तांब्याचं जाकीट."

इथेच थांबायला हवं होतं. पण मी घरी येऊन मोबाईलवर वाचत बसलो. बाहेरच्या देशांत पिस्तुलाचे हौशी लोक शिशाच्या ओतीव गोळ्यांना तांब्याऐवजी चक्क पावडर कोटिंग करतात! रंगाची पूड उडवायची आणि भट्टीत भाजायची. मी उडालोच. माझे बाबा यवतमाळच्या एमआयडीसीतल्या एका दुकानात गेल्या अठरा वर्षांपासून हेच करताहेत. कुलर, गेट, ग्रिल! मी वाचलेल्या कुठल्याही गोष्टीत बाबांचं काम पहिल्यांदाच आलं होतं.

तोच मी कॉलेजच्या सेमिनारचा विषय घेतला. मागच्या सेमिनारला माझ्या तोंडून 'नमस्कार'च्या पुढे काही निघालं नव्हतं. वीसपैकी चार. या वेळी बारा मिळाले नाहीत तर विषय राहणार होता. फिजिक्सच्या मॅडम म्हणाल्या, "चालेल. पण गोळी गोळी करू नकोस. घर्षण म्हण."

खऱ्या गोळ्या मिळणं शक्य नव्हतं. (मिळाल्या असत्या तर हे मी वेगळ्या पत्त्यावरून लिहीत असतो.) मासोळी बाजारातून मासेमारीच्या जाळ्याला लावायची शिशाची टोकदार वजनं आणली आणि तीन पिशव्या भरल्या. एकीत नुसती, दुसरीत तांब्याचा पातळ पत्रा गुंडाळलेली, तिसरीत कोटिंग करायची. प्रत्येक पितळी नळीतून ढकलायची, मग नळी पांढऱ्या कापडानं पुसायची. जितका डाग, तितकं घर्षण. घरी करून पाहिलं. नुसत्या शिशानं कापड काळं झालं. वा! मग तिन्ही पिशव्या बाबांकडे दिल्या; सेमिनारला तेच घेऊन येणार होते.

"बाबा, फक्त या तिसऱ्या पिशवीले कोटिंग. समजलं ना?"

"मले नको शिकवू बे. अठरा वर्सं झाली."

सेमिनारच्या दिवशी बाबा कामावरून थेट कॉलेजात आले, हातात जेवणाचा डबा. गेटवर वॉचमननं विचारलं, "काय हाय डब्यात?"

बाबा आयुष्यात खोटं बोललेले नाहीत. "बंदुकीच्या गोळ्या. पोराच्या."

वॉचमन खुर्चीसकट मागे सरकला! मी धापा टाकत पोचलो तेव्हा डबा जमिनीवर होता आणि वॉचमन गुलमोहराच्या मागे. शेवटी बाबांनीच झाकण उघडलं. वॉचमननं लांबून मान वाकवून पाहिलं.

"ह्या तं गुलाबी हाय!"

गुलाबीच होत्या. दुकानात त्या दिवशी ब्युटी पार्लरच्या खुर्च्यांची ऑर्डर होती. पण मी ओरडलो तो रंगासाठी नाही. डब्यातल्या सगळ्याच गुलाबी होत्या. तिन्ही पिशव्या!

"बाबा, हे काय? नुसत्या ठेवायच्या होत्या ना दोन पिशव्या!"

"काहून? एक रंगवलेली अन् दोन बोडख्या? असं अर्धवट काम आपल्या दुकानातून बाहेर जात नाही."

इतक्यात वर्गातून माझं नाव पुकारलं गेलं आणि आम्ही दोघं आत धावलो. मी टेबलावर तीन ओळी मांडल्या. तिन्ही गुलाबी. एक ढकलली, नळी पुसली. कापड स्वच्छ. दुसरी, स्वच्छ. तिसरी, स्वच्छ. मॅडमनी विचारलं, "मग फरक कुठे आहे?" 'नमस्कार' तर आधीच म्हणून झालं होतं.

मागच्या बाकावरून बाबा उठले. "फरक येनारच नाही, मॅडम! घासा किती घासाचं ते. दहा वर्सं हालत नाही."

वर्गात हशा फुटला. आणि त्या हशात मला सुचलं. "बाबा... दोन खरवडून द्याल? एक शिशाची, एक तांब्याची."

माझ्या लग्नाची पत्रिका फाडायला सांगावी तसा त्यांचा चेहरा झाला. पण खिशातून पेचकस निघाला. आपलंच काम आपल्या हातानं खरवडताना ते एवढंच पुटपुटले, "तुह्या मार्कासाठी हाय, म्हनून."

बोडखं शिसं नळीतून गेलं. माझ्या हातातलं कापड तोवर खाली पडून मळलं होतं, म्हणून बाबांनी डोक्याचा पांढरा दुपट्टा सोडून पुढे केला. काळीकुट्ट रेघ! तांब्याची फिकी, लालसर. गुलाबीची काहीच नाही.

"सांगलतं ना!" बाबा म्हणाले.

हातानं ढकलणं वेगळं आणि पिस्तुलातून उडणं वेगळं, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं. ते कोणी ऐकलं नाही, कारण पूड लोखंडाला चिकटते कशी, हे मुलं बाबांना विचारत होती, आणि बाबा फळ्यावर कुलर काढून समजावत होते. मॅडम वहीत लिहून घेत होत्या!

सोळा मार्क मिळाले. शेरा होता : 'सादरीकरण उत्तम. (वडिलांचे.)'

पुढच्या सेमिनारची तारीख लागली आहे. बाबांनी आत्ताच सुट्टी टाकली. "मी पण येऊ का?" असं त्यांना विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.