पाठीवरचा पाऊस

दहिवलीत माझा फोटो स्टुडिओ आहे. हल्ली फोटो काढून घ्यायला फारसं कोणी येत नाही. फार्महाऊसवाले भर उन्हाळ्यातले फोटो पाठवतात आणि त्यांत धुकं, हिरवळ, पाऊस घालून मागतात. काम फोनवर येतं, फोनवरच परत जातं. बायको नातवाला सांभाळायला नाशिकला मुलाकडे गेली, तेव्हापासून कधीकधी दिवसभर मी कोणाशी एक शब्दही बोलत नाही.

मागच्या दिवाळीनंतर पोशीरचे एक म्हातारे शेतकरी आले. त्यांची बायको नुकतीच गेली होती. शेतातला तिचा एकच फोटो होता, तोही मे महिन्यातला. कोरडं खाचर, कडक ऊन आणि ढेकळं फोडायला वाकलेली ती. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या पावसात फोन कोण बाहेर काढणार, असं ते म्हणाले. त्यांना ती पावसात हवी होती.

त्यांना शेजारी बसवून मी कामाला लागलो. आधी तिची काळी सावली पुसली, कारण ढगाळ हवेत तशी सावली पडत नाही. आभाळ काळवंडून घेतलं, मागचा डोंगर धुक्यात अर्धा बुडवला, खाचरात पाणी आणलं, लुगड्याचा रंग ओल्यासारखा दाट केला. मग पावसाच्या तिरप्या रेषा ओढल्या. जवळच्या जाड, लांबच्या बारीक.

ते खुर्ची पुढे ओढून बघत राहिले. "पाऊस उलटा घातलात, भाऊ. तोंडावर पाऊस घेऊन आवणी व्हत नाय. पाठीवर घ्यायचा."

इतक्या फोटोंत पाऊस पाडला, पण तो कुठल्या अंगानं यावा हे मला कधी कोणी विचारलं नव्हतं. मी रेषांचा कल बदलला, जोरही वाढवला. चित्र अगदी खरं वाटत होतं. मला वाटलं, खूश होतील.

"आता जरा कमी करा," ते हळूच म्हणाले. "पार भिजली ती."

मी कमी केला. त्यांनी अजून कमी करायला सांगितला. शेवटी नुसती भुरभुर उरली, तेव्हा त्यांनी मान डोलावली.

निघताना त्यांनी माझ्या घरच्यांची चौकशी केली. मी सांगितलं. "मग जेवायला या एकदा. मी बी एकटाच हाय," ते म्हणाले आणि घराची खूणही सांगितली.

नंतर कामानिमित्त दोनदा नेरळपर्यंत गेलो. तिथून पोशीर जवळच. पण एका माणसानं दुसऱ्यासाठी भात शिजवायचा आणि दोघांनी समोरासमोर बसून जेवायचं, याचा मला काय धाक वाटला कोण जाणे. दोन्ही वेळा मी तिथूनच परतलो.