रंभाजीमामांचं कुलूप

काष्टी गावात एक गोष्ट पोराटोरांनाही ठाऊक होती : शाळेचे शिपाई रंभाजी साळवे यांच्या घरात सोन्यानं भरलेला हंडा आहे. शाळेच्या नव्या खोल्यांचा पाया खणताना म्हणे त्यांच्या कुदळीला तो लागला आणि त्यांनी घोंगडीत गुंडाळून गुपचूप घरी नेला. पुरावा रोज सकाळी अख्ख्या गल्लीला दिसायचा. मामा दाराला कुलूप लावायचे, ओढून बघायचे, दहा पावलं जायचे, माघारी यायचे, परत ओढायचे, परत जायचे, परत यायचे.

"रिकाम्या घराला कोन एवढं कुलूप वडतंय व्हय?" शेजारच्या राहीबाई नळावर विचारायच्या.

त्या घरात एक पत्र्याची पेटी, चार गोधड्या, बाजरीचं अर्धं पोतं आणि भिंतीवर बुद्धांची नि बाबासाहेबांची तसबीर, एवढाच ऐवज होता. हंडाही होता. पितळेचा, पाण्याचा, आणि त्यालाही पोचा आलेला. मामा सोनं राखत नव्हते. आपल्या हातानं आत्ताच लावलेलं कुलूप खरंच लागलंय, एवढं स्वतःला पटवत होते, आणि ते काही केल्या पटत नव्हतं.

सुरुवात ब्याण्णव साली झाली. दिवाळीच्या सुट्टीत शाळेची पितळी घंटा चोरीला गेली. हेडमास्तरांनी मामांना बोलावलं. हेडमास्तरांचं कुठलंही वाक्य 'म्हणजे'वरून निघायचं आणि 'बघा'वर टेकायचं. "म्हणजे असं आहे रंभाजी, म्हणजे, कुलूप लावलं होतं ना नक्की? आठवून बघा."

मामांनी आठवून बघितलं. कुलूप लावलं होतं. चोर तर कौलं काढून उतरला होता, कुलूप दाराला तसंच लटकत होतं, पंचनाम्यातही तसंच लिहिलं. सगळ्यांच्या लेखी विषय संपला. मामा मात्र त्या दिवसापासून आठवतच राहिले.

शाळेला अकरा खोल्या, म्हणजे अकरा कुलपं. साडेपाचला शाळा सुटायची, घर दहा मिनिटांवर, आणि मामा घरी पोचायचे आठाला. अकरावं ओढलं की पहिल्याची शंका यायची. पहिलं ओढून आले की मधलं पाचवं डोक्यात वळवळायचं. उजव्या अंगठ्याला घट्टा पडला होता, करवतीच्या मुठीनं पडतो तसा. आपण करतोय ते खुळ्यासारखं आहे हे त्यांना कुणापेक्षाही जास्त कळत होतं. कळूनही पाय मागं वळायचे, आणि त्यानंच ते जास्त दमायचे. खांद्यावर पोतं असतं तर कुठंतरी उतरवता आलं असतं.

घरी कलाबाई, त्यांची बायको. चुलीपुढं बसून भाकरी थापता थापता तिची दुसरी नोकरी चालायची.

"लागलं का गं शाळंचं कुलूप?"

"लागलं."

"तू कुठं बघाया आल्ती?"

"मंग मला कशापायी इचारताय?"

"म्हन की एकदा. लागलं का?"

"लागलं, लागलं, लागलं! आता जेवा."

हे संध्याकाळी पन्नास वेळा. चार वर्षं. कलाबाईच्या आवाजातला राग पहिल्या वर्षीच संपला होता. नंतर ती नुसती हूं म्हणावं तसं 'लागलं' म्हणायची.

पण मामांचं खरं दुखणं संगमनेरपलीकडच्या अकोल्याला होतं. थोरली लेक अश्विनी तिकडं दिलेली, आणि लग्नाला चार वर्षं झाली तरी बापानं लेकीचं घर बघितलं नव्हतं. तीनदा निघाले. पहिल्यांदा नगरच्या स्टँडवर उतरले आणि समोर लागलेल्या काष्टीच्या गाडीत बसून माघारी आले. दुसऱ्यांदा श्रीगोंद्यापर्यंतच गेले. तिसऱ्यांदा पार राहुरी गाठली. वाटलं, जमलं आता. तिथं कुणीतरी टपरीची फळी लावून कुलूप घातलं, तो खटका कानावर आला, आणि मामा पिशवी घेऊन खाली उतरले. पिशवीत नातीचं झबलं होतं. ते झबलं लहान होऊन गेलं, पण अकोल्याला पोचलं नाही. तिकडची सासू अश्विनीला म्हणाली, "तुज्या बापाला आमचा उंबरा दिसंना का गं?" हे लेकीनं कधी सांगितलं नाही. जावयाच्या तोंडून निसटलं.

मग शाळेतल्या गोरक्षनाथ सरांना एक कल्पना सुचली. सरांची सासुरवाडी शनिशिंगणापूर. तिथं घरांना दारंच नाहीत, तर कुलपं कुठून असणार? "मामा, आठ दिवस तिथं राहा. रोगाचं मूळच उपटून निघेल."

कलाबाई म्हणाली, "आपुन देवाधरमाचं सोडलंय, आन आता शनीला जायाचं व्हय?"

"देवासाठी न्हाई गं," मामा म्हणाले, "दारासाठी. नसलेल्या."

गेले. पहिला दिवस असा गेला की मामांना वाटलं, इथंच एखादी खोली घ्यावी. हाताला काम नाही, डोक्याला काम नाही. दुपारी ओसरीवर जे झोपले ते दिवेलागणीला उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या सासऱ्यांनी गाय बांधली आणि ते रानात गेले. मामांची नजर दाव्याच्या गाठीवर पडली. बसलीय का नीट? ओढून बघितली. बसली होती. ओसरीवर आले. परत गेले. संध्याकाळपर्यंत गाय मामांना बघूनच मान फिरवायला लागली. तिसऱ्या दिवशी तिनं पान्हा चोरला. सासऱ्यांनी हात जोडले. "पाव्हनं, तुमी मानूस देवावानी हायेत. पन आमची गाय आटंल हो."

माघारी येताना एस्टीत मामा खिडकीला डोकं टेकून बसले होते. कुलूप मागं ठेवून आलो, तरी हे सोबत आलंच. म्हणजे हे कुलपात नव्हतं. असं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेवढीही ताकद उरली नव्हती.

तीच गाडी नगरला थांबली, आणि सोबत आलेल्या गोरक्षनाथ सरांनी, गायीच्या शरमेनं म्हणा, मामांना मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरीणबाई बारीक चणीच्या, चष्मा कपाळावर. "हं, मग?" एवढंच म्हणत त्यांनी मामांकडून चार वर्षं काढून घेतली. मामांनी शेवटी धीर करून विचारलं, "करंटचा शाक देनार का, बाई?"

"नाही हो. तुमच्या दुखण्याला त्याची गरज नाही. आणि तुम्ही खुळेही नाही. या आजाराला मंत्रचळ म्हणतात. कुणी हात धूत राहतं, कुणी मोजत राहतं, तुम्ही कुलूप ओढता. घरात आणखी कुणाला असं काही?"

मामांना बाप आठवला. आडावर बसून कोपरापर्यंत हात घासणारा. घरचे त्याला 'लई सोवळा' म्हणून हसायचे.

"मास्तर बोलले म्हनून झालं का हे?"

"मास्तरांनी काडी लावली असेल. गवत आधीच वाळलेलं होतं." मग त्यांनी विचारलं, "दारात कुत्रं आलं, तुम्ही भाकरी टाकली, तर उद्या काय होईल?"

"परत येतंय की."

"शंका आली की तुम्ही कुलूप ओढता, ती भाकरी. 'लागलं' म्हणून बायको टाकते, तीही भाकरी. आता भाकरी बंद."

"भुकंल ना!"

"भुंकेल. चावणार नाही. दमून बसेल."

गोळीही दिली. थोडी थोडी वाढवायची, मनानं बंद करायची नाही. गुण यायला दोन-तीन महिने लागतील, त्याआधी तोंडाला कोरड पडेल, पोट जड होईल, हे बाईंनी आधीच सांगितलं. आणि एक वही करायला लावली. कुलूप एकदाच ओढायचं, मागं फिरायचं, शाळेच्या लिंबाखाली उभं राहायचं आणि भीती दहात किती ते लिहायचं.

पहिल्या संध्याकाळी मामा लिंबाखाली उभे राहिले. पाठीवरून घाम. आठ. परत आठ. नऊ. समोर शाळा, आणि प्रत्येक कुलूप जणू नाव घेऊन हाका मारतंय. एकदा निम्म्या पटांगणापर्यंत गेले आणि स्वतःचा सदरा स्वतःच धरल्यासारखे थांबले. सात. सात. तास होत आला तेव्हा चार. कुणी काही केलं नव्हतं, कुलूपही ओढलं नव्हतं, आणि भीती आपल्या आपण उतरली होती. मामा घरी जाऊन न जेवता झोपले.

कलाबाईचं औषध जास्त कडू निघालं.

"लागलं का गं?"

ती गप्प.

"अगं, लागलं का?"

"बाईंनी नको म्हनून सांगितलंय." आणि तिनं तोंडात पदर कोंबला. चार वर्षांची सवय तिचीही होती.

पाचव्या आठवड्याला मामा गोळी टाकून देणार होते. जीभ कातड्यासारखी झालेली, आणि राहीबाईंनी नळावर जाहीर केलेलं, "हंड्याचं न्हाई हो, येडाच्या गोळ्या खातंय त्ये." कलाबाईनं घागर खाली ठेवली. "राहीबाई, तुमी बीपीची खाता, ती शानपनाची हाय का?" घरी येऊन तिनं गोळी आणि पाण्याचा तांब्या मामांपुढं आदळला.

मग नवव्या-दहाव्या आठवड्यात कधीतरी मामा शेंगा सोलत घरी आले, आणि कलाबाई दिवा लावायला उठली नव्हती, कारण अजून उजेड होता. दोघंही एकमेकांकडं बघत राहिली. मामांना आठवलं, आपण लिंबाखाली थांबलोच नव्हतो. पूर्ण गेलं म्हणावं असं नव्हतं. वाईट दिवशी अजूनही दोनदा ओढायचे. पण अकरा कुलपांत दोनदा म्हणजे सुट्टीच.

त्याच सुमाराला अश्विनीचं कार्ड आलं. दुसरं बाळंतपण सासरीच झालं, मुलगा झाला, रविवारी नामकरण, सम्राट ठेवायचं. खाली बापासाठी एकच ओळ : 'दादा, या म्हणत नाही, नुसतं कळवते.'

मामांनी ते कार्ड वरच्या खिशात ठेवलं, आणि शुक्रवारपर्यंत ते तिथंच होतं.

आता पैजेचं सांगायला पाहिजे. शाळेत मामांची नक्कल करणारी एक मुलगी होती. मान वाकडी, अंगठा पुढं, 'लागलं का गं?' अशी हुबेहूब की एकदा खुद्द हेडमास्तरांनी खिडकीतून उत्तर दिलं होतं. ती मुलगी म्हणजे मी. शुक्रवारी मधल्या सुट्टीत मामांनी मला लिंबाखाली धरलं.

"काय गं नकलाकार, मी रविवारी अकोल्याला चाललोय."

"मामा, राहुरीच्या पुढं तुमी जात न्हाई."

"गेलो तर?"

"तर तुमची नक्कल कायमची बंद!"

"आन न्हाई गेलो तर परत्येक वर्गात येऊन कर. मी सोता टाळ्या वाजवीन."

शनिवारी शाळा सुटल्यावर मामांनी अकरा कुलपं एकेकदा ओढली आणि किल्ल्यांचा जुडगा गोरक्षनाथ सरांच्या हातात दिला. मामांचा हात काही क्षण तसाच पुढं राहिला, रिकामा. मग त्यांनी तो खिशात घातला.

पुढचं सोबत गेलेल्या कलाबाईनं सांगितलं. राहुरीला गाडी थांबली तेव्हा मामांनी पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. कपाळावर घाम, ओठ हलत होते : आठ, आठ, नऊ. कंडक्टर म्हणाला, "काका, उतरायचंय का?" मामा म्हणाले, "लई उतरायचंय. तुमी बेल मारा." संगमनेरला आकडा पाच झाला. अकोल्यात लेकीच्या उंबऱ्यावर मामा मिनिटभर नुसते उभे राहिले, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "या की आत, दार उघडंच हाय." नातू मांडीवर घेतला आणि तिथंच भिंतीला टेकून झोपले. बाळही झोपलं. कुणी उठवलं नाही.

बुधवारी मामा आले ते अकोल्याच्या तांदळाची पिशवी आणि दोघांची जाण्यायेण्याची चार तिकिटं घेऊन. तिकिटं त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

त्या दिवशी साडेपाचला आम्ही सगळ्या पटांगणात होतो. मामांनी अकरावं कुलूप लावलं, एकदा ओढलं आणि फाटकाकडं चालू लागले. लिंबाजवळ पाय अडखळला. मान अर्धी मागं वळली. मैत्रिणींनी मला कोपरानं ढोसलं, कर ना, कर! माझा अंगठा आपोआप पुढं आला होता. मी तो मुठीत घेतला.

"पैज म्हंजी पैज," मामा मागं न बघता म्हणाले, आणि घरी गेले.