स्टेशनावर परत दिलेलं जाळं

झाडाच्या सालीच्या काढ्यात रंगवलेल्या सुती जाळ्याचा वास आला की मला तुमसर रोड स्टेशनाचा फलाट दिसतो. गावतलावातल्या मासेमारीचा ठेका हातचा गेला, तेव्हा बेचाळिसाव्या वर्षी मेहुण्याच्या ओळखीने मला मालवाहू जहाजावर खलाशाचं काम मिळालं. गाडीची वाट बघताना पंचा काढायला पेटी उघडली, तर कपड्यांखाली माझं मासे धरायचं जाळं. “हे काहून टाकलं?” पोचवायला आलेल्या बायकोवर मी खेकसलो. “अजी, एवढं पाणी हाये तिथं. मासे खावेसे वाटले तं?” आजूबाजूचे हसले. मी जाळं हिसकून काढलं, तेव्हा पेटीच्या कडीत अडकून त्याचा कोपरा फाटला. “जहाज हाये ते, तलाव नाई,” म्हणत मी ते तिच्या अंगावर टाकलं. गाडी हलली तरी ती जाळं पोटाशी धरून उभी होती. पुढे नऊ महिने मी डेकवरचा गंज खरवडला. समुद्र इतका खाली की त्याला एकदाही हात लागला नाही. ती तापाने गेल्याची तार मला एका परक्या बंदरात मिळाली. घरी आलो तेव्हा जाळं खुंटीवर होतं. फाटलेला कोपरा तिने विणायला घेतला होता आणि सुई अर्ध्यावरच अडकलेली होती. जाळं मला चांगलं विणता येतं, पण त्या सुईला हात लावायला मी अजून धजत नाही.