मालक, सुरू करू?

नव्या शतकाची पहिलीच वर्षं असतील. कोल्हापुरात एका केबलवाल्याकडे मी कॉम्प्युटरचं काम बघत होतो. नळाला पाणी कधी येणार, कुणाचा वाढदिवस, कुणाचं बारसं, असल्या पाट्या आमच्या स्थानिक चॅनलवर सकाळपासून फिरायच्या. तो प्रोग्राम मीच लिहिला होता आणि त्याचा मला भलताच गर्व होता. अडचण एवढीच, की रोज पहाटे ऑफिसात जाऊन तो सुरूही मीच करायचा.

त्याच सुमाराला बायकोला पन्हाळ्याच्या दवाखान्यात रक्त तपासायची नोकरी मिळाली. शिक्षण लग्नाआधीचं, नोकरी मात्र पहिलीच. तिची एसटी पहाटेची, आणि लेकीला उठवून शाळेच्या रिक्षात बसवायला घरी दुसरं कुणी नाही. आठवडाभर शेजारणीने सांभाळून घेतलं, पण तिलाही तिचं घर होतं. "मी सोडते नोकरी, तुमचं बुडायला नको," असं बायको शांतपणे म्हणाली. त्या शांतपणाचाच मला जास्त राग आला. चिडलो होतो खरं म्हणजे माझ्याच कॉम्प्युटरवर.

ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप सुरू करायची सोय कॉम्प्युटरमध्ये असते, हे मला ऐकून माहीत होतं. मी वेळ लावली आणि घरी टीव्हीसमोर बसलो. पडदा निळाच्या निळा! धावत ऑफिस गाठलं, तर चालू कामांच्या यादीत आमचा प्रोग्राम ऐटीत बसलेला. चालू होता, दिसत नव्हता. दोन दिवस डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. कुणी लॉगिन नसलं तरी चालव, असं मीच शहाणपणाने सांगून ठेवलं होतं. त्याने ते इमानेइतबारे ऐकलं आणि प्रोग्राम मागच्या मागे, पडद्याशी संबंधच नसलेल्या जागी उघडला. मग ते काम मालकांच्या नावावर लावलं, त्यांचं लॉगिन रात्रभर उघडं ठेवलं आणि निश्चिंत झालो.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर चित्र आलं. मी टाळीच वाजवली. पण पाट्या काही फिरेनात. पडद्याच्या मधोमध एक चौकोन उभा होता: "मालक, सुरू करू?" खाली दोन बटणं, 'व्हय' आणि 'न्हाय'. हा प्रश्न मालकांनी हौसेने घालून घेतला होता. पाहुणे आले की त्यांच्यासमोर ते ऐटीत 'व्हय' दाबायचे. मी रोज सवयीने दाबत आलो, म्हणून तो माझ्या ध्यानातच राहिला नव्हता. आता सगळं गाव तो प्रश्न वाचत होतं आणि मालक नेहमीप्रमाणे तालमीत होते.

थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. "आरं, तालमीत फोनवर फोन यायल्यात! लोकं 'व्हय, कर की सुरू' म्हणायल्यात. मी काय करू?"

"मालक, ऑफिसात जाऊन तेवढं 'व्हय' दाबा."

अंगाच्या मातीसकट जाऊन त्यांनी दाबलं. मला ऑफिसात पळावं लागेल म्हणून थांबलेल्या बायकोने तोवर चप्पल काढून ठेवली होती. एसटी गेलीच होती.

मी तो प्रश्नच काढून टाकतो म्हणालो, तर मालक उखडले. "काढायचा न्हाय! समद्या गावासमोर इचारलं मला. इचारायलाच पायजे." शेवटी मी मधला मार्ग काढला. प्रश्न विचारायचा, क्षणभर थांबायचं आणि कुणी काहीच बोललं नाही तर 'व्हय' धरून चालायचं. ऐकून मालक खो-खो हसले. "माझ्या घरात तसंच चालतंय की!"

पुढच्या पहाटे बायको पिशवी खांद्याला लावून दारातच उभी राहिली. निघेना. चौकोन आला, थांबला, गेला. पाण्याच्या वेळेची पाटी सरकायला लागली, तशी ती जिना धाडधाड उतरून एसटीसाठी पळाली.

मला इतका आनंद झाला, की लेकीच्या दोन्ही वेण्या मी गाणं म्हणत घातल्या. एक कानावर, एक मानेवर. तिने आरशात पाहिलं आणि घाबरून विचारलं, "पप्पा, उद्यापण तूच घालणार?"

"रोज!" मी म्हणालो.

तिने भोकाडच पसरलं.