मखमली गादीवरचा लॅपटॉप

पन्नाशी उलटल्यावर संगणकाच्या प्राथमिक वर्गात जाऊन बसलेल्या मराठीच्या शिक्षिकेने यंत्राविषयी लिहावे, हे धाडसच. वाचकांनी त्याबद्दल आधीच क्षमा करावी. परंतु एका गुरुवारची हकीकत मनातून जात नाही.

रत्नागिरीत आमच्या शेजारी एक भाभी राहत. त्यांच्या आखातातील मुलाने आपला जुना लॅपटॉप एका परिचिताबरोबर धाडला होता. शुक्रवारी, त्याच्या सुटीच्या दिवशी, भाभींना त्यावर आपली नवजात नात प्रथमच दिसणार होती. पण व्हायरसमुळे लॅपटॉप सुरूच होईना आणि ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने घालू लागले, की मध्येच पडदा काळा होऊन सारे बंद पडे. बाजारातील दुरुस्तीवाल्याने त्यासाठीची सीडी बदलून दिली, तरी तेच.

"बाई, वय झालंय ह्याचं. भंगारात टाका," तो मला म्हणाला.

"वय माझंही झालंय," हे उत्तर मला घरी परतल्यावर सुचले.

भाभी मात्र हटेनात. "तुमी शिकलात ना कंप्युटर? मग बघा की जरा!"

नाही म्हणण्याचे धैर्य माझ्यात कधीच नव्हते. गुरुवारी सकाळी मी त्यांच्याकडे वही घेऊन बसले आणि प्रत्येक खेपेस यंत्र किती वेळ चालले, कोठे थांबले, हे लिहीत गेले. पहिल्या खेपेस अर्धा तास. लगेच पुन्हा लावले, तर जेमतेम दहा मिनिटे. जेवणानंतर लावले, तर पुन्हा अर्धा तास. थांबण्याची जागा दर वेळी वेगळी. दोष सीडीत असता, तर गाडी एकाच ठिकाणी अडली असती. वर्गातही पाहिले आहे: रोज वेगळ्या ओळीवर अडखळणाऱ्या मुलाचे पाठांतर कच्चे नसते, तो दमलेला असतो.

मी लॅपटॉपखाली हात घातला. चटका बसला.

मुलाने पाठवलेली वस्तू, तिला खारी हवा आणि लादीचा ओलावा लागू नये म्हणून भाभींनी कापूस भरून मखमली गादी शिवली होती. दुरुस्तीवाल्याकडेही लॅपटॉप गादीसकटच गेला होता. आणि सकाळपासून मीही दोन्ही हातांनी ती गादी अदबीने सारखी करीत होते. पंख्याची जाळी तिच्या तंतूंनी पार बुजली होती.

"म्हणजे मीच गळा दाबला त्याचा?" भाभींचा चेहरा उतरला.

"लाड जास्त झाले, एवढंच," मी म्हणाले.

यंत्र बंद करून मी दात घासायच्या जुन्या ब्रशाने जाळी साफ केली. परसातून कौलांचे दोन तुकडे आणून धुऊन पुसले, टेबलावर मांडले आणि लॅपटॉप त्यांवर ठेवला, खालून वारा खेळावा म्हणून. या वेळी तो तासाहून अधिक वेळ न थांबता चालला. दिवेलागणीपूर्वी काम पूर्ण झाले.

शुक्रवारी पडद्यावर आधी एक इवलीशी मूठ दिसली, मग नात. भाभींनी पडद्यावरच्या मुठीला बोट लावले. मग मुलाला म्हणाल्या, "बाईंनी बरा केला हा."

"कुठल्या बाईंनी?"

"मराठीच्या. तुला नापास केलेल्या, त्याच!"

मी दाराआड उभी होते, पण 'बाईंनी बरा केला हा' हे वाक्य मी आजवर जपले आहे. माझ्या पदवीचा कागदही मला कधी एवढा मोलाचा वाटला नाही.

आपल्या घरचा लॅपटॉप या क्षणी कशावर ठेवलेला आहे?